तिसरी पिन

माझ्या वयाची माणसं मुलांना खेळणी आणतात, मी स्वतःलाच आणत होतो. बाबांनी हे मला तोंडावर सांगितलं आणि वर चष्मा लावून माझी वही वाचायलाही बसले. त्या वहीत तीन महिने मी गेमिंग कॉम्प्युटरचे भाग लिहीत होतो आणि खोडत होतो. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, कॅबिनेट. एक बदलला की दुसरा बदलावा लागायचा. हा प्रोसेसर त्या मदरबोर्डावर बसत नाही, ते कार्ड ह्या कॅबिनेटात मावत नाही. स्थळं बघण्यापेक्षा वाईट, कारण इथे पत्रिका जुळली नाही म्हणून कोणी तडजोडही करत नाही.

कॉलेजात असताना एका मित्राच्या घरी आम्ही सहाजण एका कॉम्प्युटरभोवती उभे राहायचो. माझा नंबर येईपर्यंत त्याची आई ताटं मांडायला घ्यायची. ते मनात राहून गेलं होतं. छत्तिसाव्या वर्षी हे कोणाला सांगणार? बाबांना तर नाहीच.

बाबा वायरमन. आधी गिरणीच्या इलेक्ट्रिक खात्यात होते, गिरणी बंद झाल्यावर मालाड-गोरेगावात मिळेल ते वायरिंग केलं. सत्तरी ओलांडली तरी शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर असतो. वही वाचून त्यांनी सगळ्यात खालच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे मी एसएमपीएस लिहिला होता, म्हणजे भिंतीतली वीज घेऊन आतल्या सगळ्या भागांना वाटून देणारी पेटी. पुढे लिहिलं होतं, 'कुठलाही चालेल'.

बाबा एरवी मुंबईकरांसारखंच बोलतात, चिडले की मालवणीत शिरतात. "पाया नको, गच्ची मात्र व्हयी तुका," ते म्हणाले.

पंधरा दिवस आमचं त्यावरून वाजलं. माझं म्हणणं, गेम दिसतो तो ग्राफिक्स कार्डामुळे, मग जे काय ओतायचं ते त्यात ओतू. त्यांचं म्हणणं, वीज वाटणारा भामटा निघाला की बाकी सगळ्यांची वाट लागते. तांब्यात काटकसर करायची नाही, हे वाक्य मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. अर्थिंगबद्दल ते कधी काही बोलत नसत, हे मात्र तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

शेवटी ते माझ्याबरोबर अंधेरीला दुकानात आले. स्टेशनजवळच्या एका शॉपिंग सेंटरच्या तळघरात ते दुकान आहे, बसायला स्टूलसुद्धा नाही. दुकानदाराने तीन एसएमपीएस पुढे ठेवले. बाबांनी तिन्ही खोक्यांतून बाहेर काढायला लावले आणि एकेक तळहातावर घेऊन तोलला. हलका होता तो त्यांनी नारळ बाजूला ठेवतात तसा बाजूला ठेवला. दुकानदार आधी हसला, आजकाल वजन बघून कोण घेतं म्हणाला. मग त्यानेच कबूल केलं की अंकलचा हात बरोबर सांगतोय, जड पेटीत तांबं खरं आहे आणि फिल्टरही पूर्ण आहे. ती जड पेटी घ्यायची तर माझं ग्राफिक्स कार्ड एक पायरी खाली उतरत होतं. मी उतरवलं. परतताना रिक्षात गोरेगाव येईपर्यंत मी बाबांशी एक अक्षर बोललो नाही, आणि ते मांडीवर पेटी धरून खुशीत बसले होते.

रविवारी सकाळी सगळं जमिनीवर पसरून बसलो. बाबा खुर्चीत बसून टॉर्च धरत होते. एकेक वायर कुठे जाते ते विचारत होते आणि मी सांगितलं की मान हलवत होते. आई गेल्यापासून आम्ही दोघं इतका वेळ एका कामात कधी बसलो नव्हतो, आणि मला बरं वाटत होतं. दुपारी बटण दाबलं. पंखे फिरले, आतले दिवे रंग बदलायला लागले. बाबा म्हणाले, मखर झालं रे. मी खुशीत कॅबिनेटवर थाप मारली आणि हात झटकन मागे घेतला. बोटांपासून कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या होत्या.

मी तोंडातून शब्द काढायच्या आत बाबा म्हणाले, "चपला घाल."

हे आमच्या इमारतीबाहेरच्या माणसाला समजावून सांगायला हवं. आमची वस्ती होती तिथेच झोपडपट्टी पुनर्वसनात ही सात मजली इमारत उभी राहिली. चौदा वर्षांपूर्वी चाव्या मिळाल्या. इथे प्रत्येक घरात वॉशिंग मशीनच्या बाजूला रबरी चपलांची एक जोडी असते. मशीनला हात लावायचा तर आधी ती घालायची. फ्रिज उघडतानाही बरेचजण घालतात. नवी सून आली की सासू तिला गॅसचा रेग्युलेटर दाखवते, पाण्याची वेळ सांगते आणि चपला दाखवते. विसरलं की मशीन चावतं. आमच्यात 'करंट लागला' असं कोणी म्हणतच नाही, 'मशीन चावलं' म्हणतात, जणू ते पाळलेलं आहे आणि त्याचा स्वभावच तसा.

ही पद्धत बाबांनी घालून दिली होती. चाव्या मिळाल्या त्या आठवड्यात ते दारोदार फिरून सांगत होते. आमच्या आईला त्यांनी निळ्या पट्ट्यांची जोडी आणली होती, शेजारच्या काकूंनाही एक आणून दिली. एवढी काळजी करणारा वायरमन इमारतीत आहे म्हणून लोकांना कौतुक वाटायचं. मलाही वाटायचं.

काकूंचं दार आणि आमचं दार समोरासमोर. आई ह्या घरात तीनच वर्षं जगली. ती गेल्यावर काकूंनी आम्हाला वाटीतून, डब्यातून, कधी सरळ ताट झाकून जेवू घातलं. मी आजारी पडलो तर त्यांच्या घरातून तीनदा चौकशी व्हायची. दोन्ही दारं सकाळी उघडली की रात्रीपर्यंत उघडीच. आता त्या आपल्या नातीला सांभाळतात, सून मालाडच्या मॉलमध्ये कामाला जाते. नात तेव्हा अकरा महिन्यांची होती आणि जे दिसेल ते धरून उभी राहायला लागली होती.

तर मी चपला घातल्या आणि खेळलो. पण डोक्यात किडा वळवळत राहिला. तीन महिने वही खरडून, एवढ्या मारामारीने आणलेली वस्तू, आणि ती हाताळायला संडासच्या चपला घालायच्या? खरं सांगायचं तर मला संशय त्या जड पेटीवर होता. ती खराब निघाली असती तर बाबांना पुढची दहा वर्षं ऐकवता आलं असतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या जिन्यात उभं राहून मी दुकानदाराला फोन लावला.

त्याने एकच विचारलं, घरात अर्थिंग आहे का. मग त्याने जे सांगितलं ते मला आजही पाठ आहे. चांगल्या पेटीत फिल्टर असतो, तो नको असलेली थोडी वीज प्लगच्या तिसऱ्या पिनेतून जमिनीत सोडतो. जमिनीची वाटच नसेल तर ती वीज कॅबिनेटवर येऊन बसते. हलक्या पेटीत फिल्टर नसतो, म्हणून ती गप्प राहते, काही सांगत नाही. "आपका माल एकदम सही है," तो म्हणाला. "घर चेक करो."

मला हसू आलं. घर चेक करो! आमच्या घराचं वायरिंग बाबांनी केलं होतं. आमच्याच काय, बिल्डरच्या कंत्राटदाराकडून काम घेऊन अख्ख्या इमारतीचं त्यांनीच केलं होतं.

पुढच्या रविवारी बाबा मासळी आणायला गेले तेव्हा मी मेन स्विच बंद करून भिंतीतला बोर्ड उघडला. लाल वायर होती, काळी होती आणि तिसऱ्या पिनेच्या मोठ्या भोकामागे अर्थिंगची हिरवीही होती. माझा जीव भांड्यात पडला. मग मी ती जराशी ओढून बघितली. ती माझ्या हातात आली. चार बोटं लांबीचा तुकडा, एक टोक स्क्रूत आवळलेलं, दुसरं पाइपच्या तोंडात नुसतं खुपसलेलं. पुढे काहीच नाही. स्वयंपाकघरातला बोर्ड उघडला, तिथेही तसाच तुकडा. मशीनच्या मागे, तसाच.

त्या तुकड्यांकडे बघून मला सगळ्यात वाईट कशाचं वाटलं सांगू? काम सुबक होतं. वायरचं सोललेलं टोक आधी पीळ देऊन मग दुमडून स्क्रूत घातलं होतं, म्हणजे पकड पक्की बसते. असं करणारा माणूस मी एकच बघितला आहे. त्यानेच मला ते शिकवलं आहे.

बाबा बांगडे घेऊन आले. मी तीन हिरवे तुकडे टेबलावर ठेवले होते. त्यांनी पिशवी सिंकमध्ये ठेवली, हात धुतले, पुसले आणि समोर येऊन बसले. मला वाटलं होतं ते ओरडतील, निदान बोर्ड कोणाला विचारून उघडलास म्हणतील.

"माका ठावक होता ह्या भायर येतला," ते म्हणाले. "ता मशीन चालू केलंस तेव्हाच."

मग त्यांनी सांगितलं. इमारत होईपर्यंत तीन वर्षं सगळी वस्ती ट्रान्झिट कॅम्पात होती. पत्र्याच्या खोल्या, चाळीस घरांत चार संडास, दोन म्हातारी माणसं तिथेच वारली. इमारत उभी राहिली, वायरिंग निम्मं झालं, आणि कंत्राटदाराने हिरव्या वायरची भेंडोळी पाठवायची बंद केली. सॉकेट लावून टाक म्हणाला, तपासायला येणारा माणूस सॉकेट बघतो, आत कोण बघतंय. बाबा अडून बसले असते तर काम थांबलं असतं, चाव्या आणखी लांबल्या असत्या. रोज संध्याकाळी कॅम्पात बायका विचारायच्या, भाऊ, कधी मिळणार घर? त्यात आई होती, काकू होत्या. बाबांनी ठरवलं की आधी माणसं घरात येऊ देत, अर्थिंग नंतर सोसायटी झाल्यावर करून घेऊ. मग सोसायटी झाली, मग आई आजारी पडली, मग आई गेली.

"मगे सांगूक गेलंय तर लोक विचारतले, इतके दिस गप कित्याक रवलंस," ते म्हणाले. "म्हणून चपला."

मला राग आला, आणि तो मी दाखवला. पण रागाच्या तळाशी जे होतं त्याची मला अजून लाज वाटते. माझ्या मनात पहिला विचार आला तो काकूंचा नव्हता, त्या पोरीचा नव्हता. पहिला विचार आला, हे कोणाला कळता कामा नये. बाबांना ह्या वयात कोणी नावं ठेवलेली मला बघवली नसती. तेवढंच असतं तर ठीक होतं. पण मला माझा कॉम्प्युटरही अनवाणी खेळायचा होता.

मी दहिसरहून एक वायरमन शोधून आणला, मुद्दाम लांबचा. कामाच्या दिवशी, भर दुपारी, इमारत रिकामी असताना, त्याने खालच्या मीटर रूममधल्या अर्थिंगपासून डक्टमधून आमच्या घरापर्यंत एक हिरवी वायर ओढली. वॉचमनला मी सांगितलं की इंटरनेटची आहे. ती वायर सहा मजले चढून आली, प्रत्येक मजल्यावर आठ-आठ घरांच्या बाजूने, आणि फक्त आमच्या घरात शिरली.

बाबा त्या दिवशी खोलीतून बाहेर आले नाहीत. मी त्यांना समजावलं की जरा थांबू, पुढच्या वर्षी वायरिंग जुनं झालंय म्हणून सोसायटीत विषय काढू, कोणाचं नाव यायचं कारण नाही. ते हो म्हणाले. चौदा वर्षांपूर्वी त्यांनी जे स्वतःला सांगितलं होतं तेच मी त्यांना सांगत होतो, आणि ते आम्हा दोघांनाही कळत होतं.

कॉम्प्युटर आता मुका झाला. कॅबिनेटवर हात ठेवला तर नुसता गार पत्रा. गेम सुंदर दिसत होता, एक पायरी खालचं कार्ड असूनही. मी तासन् तास खेळलो आणि मला काहीही मजा आली नाही. बाबा आता टॉर्च धरायला तर सोडाच, बघायलाही येत नसत.

महिनाभराने एका सकाळी काकू नातीला कडेवर घेऊन दारात आल्या. पोरीच्या पायांत रबरी चपला होत्या, तळहातात मावतील एवढ्या, मागून पडू नयेत म्हणून इलॅस्टिकचा पट्टा लावलेल्या. काकू कौतुकाने सांगायला लागल्या की स्टेशनबाहेर मिळाल्या, एवढ्या लहान मापाच्या मिळतच नाहीत, तीन ठिकाणी फिरले. पोरगी मशीन धरून उभी राहते, आणि काल तिला मशीन चावलं. ओल्या लादीवर होती. किंचाळली, मग बराच वेळ हुंदके देत होती.

"तुम्ही सांगितलेलं म्हणून मला कळलं बघा, भाऊ," काकू बाबांना म्हणाल्या. "नाहीतर आम्हाला काय कळतंय."

बाबांनी पुढे होऊन पोरीचं एक पाऊल हातात घेतलं. ती चप्पल बघितली, पट्टा बघितला. मग खिशातला टेस्टर काढला आणि मला म्हणाले, चल. मी त्यांच्या दंडाला धरलं, थांबा म्हणालो. त्यांनी माझा हात सोडवला, जोर न लावता, आणि समोरच्या दारातून आत गेले.

मशीनच्या पत्र्याला त्यांनी टेस्टर लावला. आतला तांबडा दिवा लागला. तो त्यांनी काकूंना दाखवला.

"वहिनी, तुमच्या घरात अर्थिंग नाही," ते म्हणाले. त्या वेळी ते मालवणीत बोलले नाहीत, एकेक शब्द सुटा, समजेल असा बोलले. "इमारतीत कुणाच्याच नाही. मी टाकलंच नव्हतं. दिसायला तुकडे लावले."

काकू त्या दिव्याकडे बघत राहिल्या. पोरीला त्यांनी एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं, मशीनपासून लांबच्या बाजूला. त्या काय म्हणतील ह्याची मी मनात तयारी करत होतो. त्यांनी विचारलं ते भलतंच.

"आणि तुमच्या घरात?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. खोटं बोलायची सोय नव्हती, वायर डक्टमध्ये लटकत होती. मी सांगितलं की आमच्या घरात गेल्या महिन्यात टाकून घेतलं.

बाबांकडे त्यांनी जेवढं बघितलं त्याहून जास्त वेळ त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"तू मला काकू म्हणतोस ना रे?" त्या म्हणाल्या.

मग त्यांनी मशीनचा प्लग काढला आणि आम्ही आपल्या घरी आलो.

सोसायटीच्या सभेत बाबांनी हेच सगळं पुन्हा उभं राहून सांगितलं. शिव्या मिळाल्या. कोणी पोलिसांत जाऊ म्हणालं, कोणी म्हणालं भाऊ होते म्हणून निदान चपला तरी कळल्या. कंत्राटदाराचा फोन केव्हाच बंद पडलेला होता. शेवटी वर्गणी ठरली आणि दहिसरचाच तो वायरमन दोन माणसं घेऊन आला. त्याला वॉचमनने ओळखलं, आणि 'इंटरनेट'ची गोष्ट संध्याकाळपर्यंत सातही मजले फिरली. बाबांनी फुकट काम करतो म्हणून सांगून बघितलं होतं. कोणी नको म्हणालं नाही, पण बोलावलंही नाही. काकूंनी तेवढं स्पष्ट सांगितलं की आमच्या घरात भाऊ नकोत, दुसऱ्या कुणालातरी पाठवा. ते बारा दिवस बाबा जिन्यात खुर्ची टाकून बसायचे आणि कामगार वर जाताना वायरची जाडी बघायचे.

काम संपलं त्या सकाळी बाबा माझ्या खोलीत आले. चपला दाराबाहेर काढून आले होते. अनवाणी उभे राहून त्यांनी कॅबिनेटवर पंजा ठेवला आणि तसाच ठेवून दिला. समोर काकूंच्या घरात मशीन सुरू झाल्याचा आवाज येत होता, आणि पोरीच्या बडबडीचा.

"वहिनीक विचारून ये," बाबा म्हणाले. "चावता काय अजून."

मी गेलो. दारात उभा राहून विचारलं. पोरगी आत मशीनला टेकून उभी होती, अनवाणी, आणि काचेआड फिरणाऱ्या कपड्यांवर हात मारत होती. काकू दारापाशी आल्या.

"नाही चावत," त्या म्हणाल्या. "सांग त्यांना."

मला काहीतरी म्हणायचं होतं, शब्द जुळवून ठेवलेही होते. काकूंनी कडीला हात घातला आणि दार लोटून घेतलं. चौदा वर्षांत ते दार दिवसा लागलेलं मी कधी बघितलं नव्हतं.